चित्र कुठे मोडतं

सोनईच्या पेठेमागे एका खोलीत माझं काम चालतं. आसपासच्या गावांतले केबलवाले सेट टॉप बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी घेऊन येतात आणि विचारतात, "भाऊ, हे चालंल का?" आत्ता चालतंय का, हे टीव्ही लावला की कुणालाही दिसतं. पुढे चालेल का, हा वेगळा प्रश्न आहे. उन्हाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर तापला, पावसात जोडात पाणी गेलं, मधल्या खांबावरून दोन नवी कनेक्शनं निघाली, तरी चालेल का? हे सांगायचं तर सिग्नल मोजून-मापून कमी करत न्यावा लागतो, चित्र मोडेपर्यंत. सिग्नल कमी करणाऱ्या उपकरणाला अ‍ॅटेन्युएटर म्हणतात. माझ्याकडचा अ‍ॅटेन्युएटर संगणकाच्या हुकमावर चालतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या एका दिवसाची ही हकिकत.

सकाळी ६

खोली उघडून सगळी यंत्रं चालू करतो आणि अर्धा तास नुसती तापू देतो. थंड मीटर आणि तापलेला मीटर एकच आकडा दाखवत नाहीत. तोवर वायरींच्या टोकांच्या पिना तपासून घेतो. वाकडी पिन किंवा ढिला नट सिग्नलचा अर्धा-एक डेसिबल, म्हणजे डीबी, सहज खातो, आणि माझं सगळं काम अर्ध्या डीबीच्या पायऱ्यांचं आहे.

मग पडताळा. माझ्याकडे १० डीबीचा एक साधा पॅड आहे. आत फक्त रोधक असल्यामुळे त्याचा आकडा सहसा हलत नाही. आधी पॅड लावून मीटर वाचायचा, मग पॅड काढून अ‍ॅटेन्युएटरला १० डीबी सांगायचे आणि पुन्हा वाचायचं. शून्यावर ठेवलेला अ‍ॅटेन्युएटरही मधे असण्याबद्दल सुमारे दीड डीबी खातो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला थोडं जास्त. तो हिशेब चॅनलवार संगणकात भरून ठेवला आहे. रोज सकाळी तो ताडून पाहिल्याशिवाय दिवसाचा एकही आकडा मी कुणाला देत नाही.

सकाळी ७.३०

हाताखाली काम शिकणारा मुलगा येतो. कॉलेज सांभाळून सकाळ-दुपार थांबतो. आज त्याला अ‍ॅटेन्युएटरचं पोट उघडून दाखवलं.

ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत नखाएवढी एक चिप आहे. तिच्यात सहा टप्पे आहेत: १६, ८, ४, २, १ आणि अर्धा डीबी. प्रत्येक टप्पा सिग्नलच्या वाटेत आणायचा किंवा वगळायचा. सहा टप्प्यांची बेरीज साडेएकतीस, आणि त्यांच्या जुळण्या ६४. साडेतेरा डीबी हवे असतील तर ८, ४, १ आणि अर्धा आत घ्यायचे. संगणकातून हुकूम एका छोट्या कंट्रोलर बोर्डाकडे जातो, आणि बोर्डाकडून तीन तारांनी चिपकडे: एका तारेवर माहिती, दुसरीवर ठोके, आणि तिसरीवर "आता लागू कर" एवढी खूण.

"दादा, डबी एवढी जड कशाला? प्लॅस्टिकची चालली नसती?" त्यानं विचारलं.

चालली नसती. आत सिग्नल हजारपट कमी केला आणि बाहेरून डबीला वळसा घालून तोच सिग्नल दुसऱ्या टोकाला पोचला, तर आकडा खोटा ठरतो. ३ डीबी म्हणजे निम्मी शक्ती, १० डीबी म्हणजे दहावा भाग, साडेएकतीस म्हणजे सुमारे चौदाशेवा भाग. चौदाशेव्या भागाची गोष्ट करायची तर फटीतून झिरपणारा सिग्नलही बंद व्हायला हवा. चिपसुद्धा ७५ ओहमची पाहून घेतली आहे, कारण टीव्हीच्या सगळ्या वायरी ७५ च्या असतात. प्रयोगशाळेतली बरीच यंत्रं ५० ची असतात. ती टीव्हीच्या वायरीला नीट जुळवणाऱ्या पॅडमध्येच पावणेसहा डीबी जातात.

मग त्यानं खरा प्रश्न विचारला: बटण फिरवून हे हातानं करता येतं, मग संगणक कशाला? कारण माणूस उतावीळ असतो. चित्र दिसलं की तो पुढची पायरी घेतो. संगणक प्रत्येक पायरीवर ठरलेला वेळ थांबतो, चुका मोजतो, लिहून ठेवतो आणि पन्नासाव्या बॉक्सलाही पहिल्यासारखंच वागवतो. शिवाय साडेपंधरावरून सोळावर जाताना पाच टप्पे एकदम वगळले जातात आणि एक आत येतो. त्या क्षणी सिग्नलला हिसका बसू शकतो. प्रोग्रॅम त्यानंतर दोन सेकंद दम धरतो आणि मगच मोजू लागतो.

सकाळी ९

घोडेगाव रस्त्याच्या अंगाला उसातली एक वस्ती. गावातल्या केबलच्या ओळीचं हे शेवटचं घर. केबलवाला सोबत आहे. तक्रार अशी की कधीमधी वरचे काही चॅनल चौकोन-चौकोन होऊन अडकतात आणि आपोआप नीट होतात. आम्ही पोचलो तेव्हा चित्र स्वच्छ होतं.

"आता तर झाक दिसतंय की," घरातल्या आजी म्हणाल्या. "कशाला हात लावता?"

"आजी, पाचच मिनिटं. किती शिल्लक आहे तेवढं बघतो."

खाटेवर लॅपटॉप ठेवला, भिंतीतून आलेली वायर अ‍ॅटेन्युएटरला आणि अ‍ॅटेन्युएटर बॉक्सला जोडला. वरच्या चॅनलवर घरात ४७ डीबी मायक्रोव्होल्ट येत होते. अर्धा डीबी कमी, ठीक. एक, ठीक. तीन, ठीक. चार कमी केले आणि चित्र मोडलं. स्वच्छ दिसणाऱ्या त्या चित्राखाली फक्त ४ डीबी शिल्लक होते. पहाटेचं दव आणि दुपारचं ऊन यांतही तेवढा फरक पडू शकतो. विहिरीत पाणी किती आहे हे काठावरून दिसत नाही, दोर सोडून पाहावा लागतो. अ‍ॅटेन्युएटर हा माझा दोर आहे.

मग उलट दिशेनं ओळ तपासत गेलो. आरजी-६ वायर शंभर मीटरला खालच्या चॅनलवर, म्हणजे ५५ मेगाहर्ट्झच्या आसपास, सुमारे ५ डीबी खाते आणि ८६० मेगाहर्ट्झला सुमारे २०. म्हणून ओळीच्या टोकाला आधी वरचे चॅनल पडतात. इथं मात्र वायरीच्या लांबीचा हिशेब मांडला तरी तूट जास्तच निघत होती. तिसऱ्या खांबावरच्या जोडात पाणी शिरून तांब्याचा गाभा हिरवा पडला होता. जोड कापला, नवी पिन बसवली, पाणी आत जाऊ नये म्हणून वायरीला खाली झोल दिला. घरी येऊन पुन्हा मोजलं: ५६. आता १३ डीबी कमी केल्यावर चित्र मोडलं. टीव्हीवरचं चित्र मात्र दोन्ही वेळा अगदी सारखं दिसत होतं. आजींना काहीच बदललेलं दिसलं नाही, आणि तेच या कामाचं खरं रूप आहे.

सकाळी ११

दुकानात परतलो तोवर फोन सुरू झाले. हे केबलवाल्यांचे नव्हते, छत्रीवाल्यांचे होते. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. सोनईहून पाहिलं तर तो जवळजवळ नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंशांवर. शरदात विषुवदिन उलटून आठवडाभर गेला की रोज सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर त्याच्या मागे येतो. मार्चमध्येही विषुवदिनाआधी असंच होतं. सूर्य रेडिओलहरींचा प्रचंड गोंगाट करतो आणि छत्रीचं तोंड काही मिनिटं थेट त्या गोंगाटाकडे असतं. उपग्रहाचा सिग्नल जराही कमी झालेला नसतो, तरी बॉक्स "सिग्नल नाही" म्हणतो.

"नाना, छत्रीला हात लावू नका," एवढंच सांगावं लागतं. "दहा मिनिटांत येईल." या दिवसांत काही जण वर चढून छत्री फिरवतात आणि मग ती खरोखरच बिघडते.

मुलाला यातून एक गोष्ट शिकवता आली. बॉक्सला सिग्नल किती मोठा आहे याच्याशी कर्तव्य नसतं. गोंगाटापेक्षा तो किती वर आहे, यावर सगळं ठरतं. सिग्नल खाली आला काय आणि गोंगाट वर चढला काय, बॉक्सच्या लेखी सारखंच. याचीच दुसरी बाजू पाहायची तर जुन्नर तालुक्यात खोडदला टीआयएफआर या संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. आकाशातले अतिक्षीण स्रोत ऐकण्यासाठी ती बांधली आहे. तिला सूर्य पाहायचा असेल तर उलटी अडचण येते: सूर्य फार जोरात बोलतो. म्हणून तिच्या रिसीव्हरमध्ये १४, ३० आणि ४४ डीबीचे अ‍ॅटेन्युएटर ठेवले आहेत. ते नियंत्रण कक्षातून हुकूम देऊन मधे आणतात. माझ्या टेबलावरची डबी आणि खोडदची व्यवस्था यांत आवाका सोडला तर तत्त्वाचा फरक नाही.

दुपारी १

जेवण उरकून टेबलावरचं काम. राहुरीकडच्या एका केबलवाल्यानं दोन जातींचे बॉक्स आणून ठेवले आहेत. कोणते मागवावेत, हे त्याला हवं आहे. दोन्हींचं चित्र डोळ्यांना सारखंच.

प्रोग्रॅम सुरू केला. टेबलावर सुरुवातीला ६४ डीबी मायक्रोव्होल्ट. संगणक अर्धा अर्धा डीबी उतरत जातो, प्रत्येक पायरीवर थांबून किती पाकिटं बिघडली ते मोजतो. टीव्हीचा डिजिटल प्रवाह १८८ बाइटांच्या पाकिटांनी येतो. प्रत्येक पाकिटाबरोबर १६ बाइट राखणदार म्हणून जोडलेले असतात. त्यांच्या जोरावर बॉक्स त्या पाकिटातले ८ पर्यंत बिघडलेले बाइट स्वतःच दुरुस्त करतो. म्हणून सिग्नल घसरत असतो, आत चुका वाढत असतात, दुरुस्ती चालू असते, आणि पडद्यावर यातलं काहीही दिसत नाही. चुका आठाच्या पलीकडे गेल्या की मग मात्र दीड-दोन डीबींच्या आत सगळं कोसळतं.

अ‍ॅनालॉगच्या काळात असं नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळू लागलं, आणि त्यानंतरच्या वर्षांत गावोगावच्या छपरांवर लोखंडी पाइपांना बांधलेल्या अँटेना उभ्या राहिल्या. तेव्हा सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. अजून कमी झाला की मुंग्या वाढायच्या. छपरावर एक जण पाइप फिरवायचा, दारातून दुसरा ओरडायचा, "आलं, आलं, थांब!" चित्रच मीटरचं काम करायचं आणि बिघाड येण्याआधी महिनोन्‌महिने सांगत राहायचं. ग्रामीण भागातली केबल डिजिटल करण्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. त्या बदलानं चित्र सुंदर झालं, चॅनल वाढले, पण चित्राची ती बोलकी सवय गेली. आता शेवटच्या घटकेपर्यंत सगळं छान दिसतं. म्हणून मोजणारा माणूस आज पूर्वीपेक्षा जास्त लागतो.

पहिला बॉक्स ३७ ला मोडला, दुसरा ४३ ला. मग उलटा प्रवास: चित्र मोडल्यावर सिग्नल हळूहळू वाढवत न्यायचा आणि ते परत कधी जुळतं ते पाहायचं. पहिला ३८ ला परत आला. दुसऱ्याला ४६ लागले. म्हणजे वीज जाऊन आली किंवा सिग्नलला झटका बसला, तर ४४-४५ मिळणाऱ्या घरात हा बॉक्स चालू असताना चालेल, पण बंद पडला की पुन्हा उठणार नाही. असं घर केबलवाल्याला महिनाभर हेलपाटे घालायला लावतं. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिले. स्वस्त कोणता हे तो बघेल, पण सहा डीबी कुठे आहेत हे त्याला कळायला हवं.

दुपारी ३.३०

गावातच, ऑप्टिकल नोडच्या, म्हणजे केबलची ओळ जिथून निघते त्या खांबाला लागून असलेलं घर. सगळ्यांत जवळचं कनेक्शन आणि चित्र अडखळतं. केबलवाल्यानं आधीच एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता, त्यानं त्रास वाढला.

इथं माझी आवडती चाचणी लागू पडते. अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी ३ डीबी कमी करायचे आणि बिघाड किती कमी होतो ते पाहायचं. गोंगाट बाहेरून वायरीतच आला असेल तर तोही सिग्नलबरोबर ३ नंच उतरेल आणि दोघांतलं अंतर तसंच राहील. पण यंत्रावर भार जास्त होऊन चॅनलच एकमेकांत मिसळत असतील, तर त्या मिसळणीचा कचरा तिप्पट वेगानं उतरतो. सिग्नल ३ नं उतरला तर तो ९ नं उतरतो. म्हणजे सिग्नल कमी केल्यावर दर्जा ६ डीबीनं सुधारतो.

मुलानं हुकूम दिला आणि मीटरवरचा दर्जाचा आकडा चढताना पाहून माझ्याकडे बघितलं. कमी केल्यावर सुधारलं! अ‍ॅम्प्लिफायर काढून टाकला, त्याच्या जागी १० डीबीचा साधा पॅड लावला. चित्र थांबलं की सिग्नल वाढवायचा, ही या धंद्यातली सगळ्यांत खर्चीक समजूत आहे. किती घर-अ‍ॅम्प्लिफायर विनाकारण भिंतींवर लटकले आहेत, वीज खात आहेत आणि पुढच्या चार घरांचाही सिग्नल खराब करत आहेत. चाचणीला मिनिटं लागतात. तेवढी काढली की पैसे वाचतात.

संध्याकाळी ५.३०

परतीचा पाऊस डोंगराकडून वाजत आला. पावसात छत्रीची तपासणी करायची म्हणून मुद्दाम एका वस्तीवर जाऊन थांबलो होतो. या घरात केबल नाही, फ्री डिशच आहे. सह्याद्री वाहिनी, बातम्या, शेतीचे कार्यक्रम, सगळं त्यावरच.

छत्रीच्या वायरीत अ‍ॅटेन्युएटर थेट घालता येत नाही. बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. ती वीज चिपवर गेली तर चिप जळते, आणि अडवली तर एलएनबी बंद पडतो. म्हणून चिपच्या दोन्ही अंगांना वीज अडवणारे कपॅसिटर, आणि एलएनबीला वेगळ्या पॉवर इन्सर्टरमधून पुरवठा.

मोजायला लागलो. १० डीबी कमी, चित्र ठीक. २० कमी, तरी ठीक. मुलगा म्हणाला, "दादा, ही छत्री तर लय दमदार आहे." नाही. हा आकडा छत्रीबद्दल काहीच सांगत नाही. एलएनबी सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सुमारे ५५ डीबींनी वाढवून खाली पाठवतो. त्यानंतर मी कमी करतो तेव्हा दोन्ही सारखेच उतरतात, अंतर तेच राहतं. माझी डबी इथं फक्त वायर आणि बॉक्स यांची परीक्षा घेते. पाऊस मात्र एलएनबीच्या आधी, आकाशात घाव घालतो: सिग्नल शोषतो आणि वर स्वतःचा गोंगाटही मिसळतो. त्याचं सोंग या डबीला आणता येत नाही.

म्हणून छत्रीसाठी दुसरा आकडा वाचायचा: सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे तो. पाऊस पडण्याआधी मीटर साडेदहा दाखवत होता. फ्री डिशच्या जुन्या पद्धतीच्या चॅनलांना सातच्या आसपास लागतात. म्हणजे शिल्लक साडेतीन. सर जोरात आली आणि आकडा आमच्यासमोर नऊ, आठ, साडेसात असा उतरला. मग चित्र मोडलं. पाऊस उतरल्यावर छत्रीसमोर वाढलेली कडुलिंबाची फांदी घरच्यांना विचारून छाटली, छत्री केसभर आग्नेयेकडे सरकवली, एलएनबी किंचित फिरवला. साडेबारा. दोन डीबी दिसायला थोडे, पण सिग्नल त्या सरीत टिकण्याइतके आहेत.

चाचणीचं यंत्र काय मोजतं हे कळणं जितकं गरजेचं, तितकंच ते काय मोजत नाही हे कळणं. संगणकानं दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा दिला म्हणून तो आपल्या प्रश्नाचं उत्तर असतोच असं नाही. मुलानं आज हे पावसात उभं राहून पाहिलं. वहीतून ते इतकं पक्कं झालं नसतं.

रात्री ८

या वेळी कुणाच्याही ओळीला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे. मालिकांची वेळ, घरं भरलेली. मी दिवसाचे तक्ते छापतो. प्रत्येक घरासाठी आणि प्रत्येक बॉक्ससाठी तीन आकडे: घरात येतो किती, मोडतो कितीला, आणि दोघांमधली शिल्लक.

आमच्याकडच्या केबलवाल्यांशी मी हेच धरून बसलो आहे. कनेक्शन दिलं की केबलवाला पावतीवर पैसे लिहितो, बॉक्सचा नंबर लिहितो, तसा त्यानं शिल्लक डीबीचा आकडाही लिहावा. ओळीच्या टोकाच्या घरी वरच्या चॅनलवर १० डीबी शिल्लक नसतील तर काम पुरं झालं असं समजू नये. अ‍ॅटेन्युएटर महाग नाही, चिप आणि बोर्ड कुणालाही मिळतात, प्रोग्रॅम मी विनामूल्य देतो. दोघा-तिघांनी लिहायला सुरुवात केली आहे. त्यांच्या ओळींवरच्या पावसाळ्यातल्या तक्रारी कमी झाल्याचं ते स्वतः सांगतात, कारण अशक्त जोड त्यांना उन्हाळ्यातच सापडतात. वस्तीवरच्या माणसानं महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात. चित्र बंद पडल्यावर धावत जाणं ही केबलवाल्याची सेवा झाली खरी, पण ते कधी बंद पडू शकेल हे आधी मोजून ठेवणं, हे त्याचं देणं आहे.

उद्या नेवासा बाजूचा एक केबलवाला जुने अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येणार आहे. त्यांच्यासाठी ३ डीबीच्या चाचणीचा प्रोग्रॅम आज रात्रीच लिहून ठेवतो.